पाउ कासाल्स यांचा चेलो आणि त्यांचा नकार

विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ चेलोवादकांत पाउ कासाल्स यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. जगाला ते पाब्लो कासाल्स म्हणून अधिक परिचित आहेत. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच जातीचे, पण आकाराने बरेच मोठे आणि बसून गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे वाद्य. गेले काही महिने मी त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकत आहे, त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत आहे, आणि माझे असे मत होत गेले आहे की हा कलावंत समजून घ्यायचा असेल तर त्यांनी काय वाजवले याबरोबरच त्यांनी वाजवायचे केव्हा नाकारले, हेही पाहावे लागते.

कासाल्स यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजी स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील एल वेंड्रेल या गावी झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत, तर आईचा जन्म दूर प्वेर्तो रिको बेटावरचा. लहानपणी गावात आलेल्या फिरत्या वादकांकडे या मुलाने झाडूच्या दांड्याला तार लावून केलेले एक वाद्य पाहिले आणि तसेच हवे म्हणून हट्ट धरला. तेव्हा वडिलांनी त्याला वाळलेल्या भोपळ्याचे एकतारी वाद्य करवून दिले. आमच्या कोकणात ज्यांचे बालपण भजनी मंडळींच्या शेजारी गेले आहे, त्यांना भोपळ्यातून घुमणाऱ्या नादाचे वेड वेगळे समजावून सांगायला नको. ते वाद्य कासाल्स यांनी जन्मभर जपले. खरा चेलो मात्र त्यांनी अकराव्या वर्षी प्रथम ऐकला आणि पुढे बार्सिलोनाच्या संगीत विद्यालयात त्याचे शिक्षण सुरू झाले.

त्या काळी चेलो शिकणाऱ्याच्या उजव्या काखेत पुस्तक धरायला लावत, म्हणजे कोपर अंगाला चिकटून राहील आणि गज चालवताना हात पसरणार नाही. कासाल्स यांनी विद्यार्थिदशेतच ही शिस्त बाजूला सारली, हात मोकळा केला, डाव्या हाताच्या बोटांची ठेवणही बदलली. आज जगभरचे वादक ज्या मोकळेपणाने गज चालवतात, त्यामागे या बंडाचा मोठा वाटा आहे.

१८९० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, वडिलांबरोबर बार्सिलोना बंदराजवळच्या एका दुकानात जुने स्वरलेखन चाळत असताना त्यांच्या हाती जर्मन संगीतकार बाखने चेलोसाठी रचलेल्या सहा सुइट, म्हणजे नृत्यचालींवर बेतलेल्या भागांच्या मालिका, लागल्या. या रचना एकट्या चेलोसाठी आहेत. साथीला पियानो नाही, आपल्याकडे तंबोरा धरतो तसा आधारस्वर धरणारेही कोणी नाही. एकाच वाद्याने सूर लावायचा, त्याचा आधारही द्यायचा आणि मनातल्या मनात ऐकू येणारे इतर स्वर श्रोत्यालाही जाणवून द्यायचे. तोवर बहुतेक वादक त्यांच्याकडे सरावाचे धडे म्हणून पाहत आणि जाहीर कार्यक्रमात एखादाच भाग वाजवत. कासाल्स यांनी त्यांचा रोज अभ्यास केला, आणि एक संपूर्ण सुइट श्रोत्यांपुढे वाजवण्याचे धैर्य त्यांना सुमारे बारा-तेरा वर्षांनी झाले. ज्या मुलाचे पोटापाण्यासाठीचे कॅफेतले वादन ऐकायला लोक गर्दी करत होते, त्याने एवढा काळ थांबावे, हे मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांहून मोठे वाटते.

मानसन्मान अर्थातच पुष्कळ मिळाले. १८९९ मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियापुढे वाजवले आणि त्याच वर्षी पॅरिसने त्यांना डोक्यावर घेतले. पियानोवादक आल्फ्रेद कोर्तो आणि व्हायोलिनवादक जाक तिबो यांच्याबरोबरची त्यांची त्रयी आजही आवर्जून ऐकली जाते. पण हाती पैसा आल्यावर त्यांनी १९२० मध्ये बार्सिलोनात स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि पुढे कामगारांना परवडेल अशा वर्गणीत त्यांच्यासाठी संगीतसभा चालवली, याकडे चरित्रे वाचणाऱ्यांचे सहसा दुर्लक्ष होते.

जुलै १९३६ मध्ये हाच वाद्यवृंद बेथोवेनच्या नवव्या सिंफनीची तालीम करत असताना लष्करी उठावाची वार्ता येऊन थडकली आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. पुन्हा केव्हा भेटू हे ठाऊक नाही, तर शेवटपर्यंत वाजवायचे का, असे कासाल्स यांनी विचारले, आणि सर्वांनी सिंफनी पूर्ण केली. उठावातून पेटलेल्या यादवी युद्धात बंडखोरांचा सेनानी फ्रँको विजयी होऊन स्पेनचा हुकूमशहा झाल्यावर, १९३९ मध्ये, ते सीमेपलीकडे फ्रान्समधील प्राद या डोंगराळ गावी राहिले. निर्वासितांच्या छावण्यांतील आपल्या माणसांसाठी पत्रे लिहिणे, पैसे आणि कपडे मिळवणे हेच त्यांचे मुख्य काम झाले.

महायुद्ध संपल्यावर तरी दोस्त राष्ट्रे फ्रँकोला हटवतील, ही त्यांची आशा फोल ठरली, तेव्हा त्यांनी जाहीर वादन थांबवले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्याही त्यांनी नाकारल्या. आम्ही रत्नागिरीकर परागंदा राजाच्या वाड्याच्या सावलीत वाढलो आहोत. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये येथे आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. पण थिबाला दुसरा मार्गच नव्हता. कासाल्स यांच्यासाठी जगातील सर्व सभागृहे खुली होती आणि त्यांनी ती स्वतः बंद करून घेतली. पन्नाशी उलटून गेलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या वादकाच्या बोटांना किती वर्षे उरली आहेत याचा हिशेब त्यांना कळत नव्हता असे नाही.

ते जगाकडे जाईनात, तेव्हा जग त्यांच्याकडे आले. बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या १९५० साली व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांच्या पुढाकाराने थोर वादक प्रादला जमले आणि तेथील महोत्सवात कासाल्स पुन्हा वाजवू लागले. १९६१ मध्ये त्यांनी अध्यक्ष केनेडींच्या निमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्ये वाजवले. अमेरिकेने फ्रँकोला मान्यता दिलेली असल्याने यात काहींना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही, कारण आपले म्हणणे जेथे ऐकले जाण्याची शक्यता आहे तेथे ते घेऊन जाणे, हा त्याच निष्ठेचा भाग आहे.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजी, आईच्या प्वेर्तो रिकोत, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. फ्रँको त्यानंतर दोन वर्षांनी गेला, आणि १९७९ मध्ये कासाल्स यांचे अवशेष एल वेंड्रेलला नेण्यात आले.

ज्यांना त्यांचे वादन ऐकायचे असेल त्यांनी बाखच्या दुसऱ्या सुइटपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. सहाही सुइटचे त्यांचे ध्वनिमुद्रण १९३६ ते १९३९ या काळातले आहे. त्यांतील दुसरी आणि तिसरी सुइट नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनला, म्हणजे नवव्या सिंफनीच्या त्या तालमीनंतर चारच महिन्यांनी ध्वनिमुद्रित झाली. जुन्या तबकडीची खरखर आहे, काही ठिकाणी गज तारेवर घासल्याचेही ऐकू येते. पण डी मायनर स्वरांतल्या या दुसऱ्या सुइटमधला सराबांद, म्हणजे संथ नृत्यचालीचा भाग, त्यांनी ज्या संथ, जड पावलांनी नेला आहे, तसा अलीकडच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणांत मला अजून सापडलेला नाही.