ज्वारीच्या वाटेने कॅन्झस

बाबा मंगळवेढ्याकडचे शेतकरी आहेत. पन्नास वर्षे काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी केल्यावर, पेरणी धाकट्या भावाच्या हाती सोपवून, गेल्या ऑक्टोबरमध्ये ते पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, कॅन्झस सिटीच्या उपनगरात राहायला आले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारले, "इथं शेतं कुठं आहेत?" आम्ही तोवर त्यांना संग्रहालय, बाजार आणि नदीकाठ दाखवला होता. त्याच संध्याकाळी मी नकाशा पुढे घेतला आणि चार दिवसांचा रस्ता ठरवला: पूर्वेच्या गवताळ टेकड्यांपासून पश्चिमेच्या डॉज सिटीपर्यंत. एकोणिसाव्या शतकात जिथे वसाहतीची हद्द संपत असे, त्या हद्दीवर उभी राहिलेली जुनी गावे आणि त्यांच्यामधली शेती, एवढेच पाहायचे होते.

शहर मागे पडल्यावर दोनेक तासांत जमीन लाटांसारखी वरखाली होऊ लागते आणि झाडे नाहीशी होतात. या फ्लिंट हिल्स. चुनखडीच्या थरांत चकमकीचे दगड इतके गच्च बसले आहेत की नांगराचा फाळ इथे टिकलाच नाही, आणि केवळ त्यामुळे हे गवत वाचले. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी एके काळी पसरलेल्या उंच गवताच्या कुरणांपैकी आज चार टक्क्यांहूनही कमी उरली आहेत आणि त्यांतली बहुतेक याच टेकड्यांत आहेत. ऑक्टोबरमध्ये बिग ब्लूस्टेम जातीचे गवत तांब्याच्या रंगाचे होते आणि वारा आला की सगळी टेकडी एका अंगावर कलते. स्ट्राँग सिटीजवळ १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षित कुरणात आम्ही गाडीतून उतरून चाललो. बाबांनी एक बुडखा हलवून पाहिला, तो तसूभरही सरकला नाही. याची मुळे माणसाच्या उंचीहून खोल जातात आणि दर वसंतात पशुपालक हे रान मुद्दाम पेटवतात, म्हणजे नवा कोंब जोमाने येतो, असे मी सांगितले. बाबांना त्यात नवल वाटले नाही. "जाळल्याशिवाय गवताला जोर येत नाही," एवढेच ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

कौन्सिल ग्रोव्ह हे आमचे पहिले गाव. मिसूरीहून सांता फे येथे माल नेणाऱ्या बैलगाड्यांचे तांडे इथल्या झाडीत थांबत, चाके दुरुस्त करत, जू आणि आखासाठी कठीण लाकूड तोडून घेत, कारण पुढे शेकडो मैल असे लाकूड मिळणार नसे. १८२५ मध्ये याच झाडीखाली ओसेज या मूळ रहिवासी जमातीशी या वाटेचा करार झाला, त्यावरून गावाला हे नाव, म्हणजे 'मसलतीची राई', मिळाले. पण बाबांचे मन दुसऱ्याच गोष्टीत अडकले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत, हे मी वाटेत सांगितले होते. त्यांनी विचारले, "एकशे साठ एकर दिली, ती आधी कुणाची होती?"

उत्तर त्याच गावात होते. ज्या कॉ लोकांच्या, म्हणजे कान्झा जमातीच्या नावावरून या राज्याला कॅन्झस म्हणतात, त्यांची राखीव जमीन कौन्सिल ग्रोव्हभोवतीच होती. तीही आकसत गेली आणि १८७३ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. गावापासून थोड्या अंतरावरची काही जमीन आता कॉ जमातीने परत विकत घेतली आहे. तिथे लाल गारेची एक प्रचंड शिळा आहे. जमातीला ती पवित्र. लॉरेन्स शहराने १९२९ मध्ये ती नेऊन तिच्यावर तिथल्या गोऱ्या वसाहतकारांच्या स्मरणाचा फलक ठोकला होता. अलीकडेच ती शिळा तिच्या माणसांकडे परत आली. राज्याला ज्यांचे नाव आहे त्यांना राज्यातली स्वतःची जमीन विकत घ्यावी लागली, ही गोष्ट मला त्या दिवशी फार लागली आणि अजून लागते.

ॲबिलीनला आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. चित्रपटांमुळे या गावाचे नाव पिस्तुलांशी जोडले गेले आहे, परंतु माझ्या मते हे गाव समजून घ्यायचे तर गुराढोरांपासून सुरुवात करावी. यादवी युद्धानंतर टेक्सासमध्ये लांब शिंगांची गुरे उदंड होती आणि त्यांना भाव नव्हता. पूर्वेच्या शहरांत मात्र मांसाला दसपट दाम मिळत होता. जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने १८६७ मध्ये रेल्वेमार्गालगत ॲबिलीनला कोंडवाडे बांधले आणि चिझम वाटेने कळप उत्तरेकडे येऊ लागले. हा सगळा दबदबा जेमतेम पाच हंगाम टिकला. टेक्सासची गुरे जिथून जात तिथली गावातली गुरे तापाने मरत, आणि आलेले कळप मात्र ठणठणीत असत. शेतकरी हवालदिल झाले. हा ताप गोचिडांमुळे पसरतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले ते १८९३ मध्ये. बाबा लगेच म्हणाले, "गोचीड-ताप! आपली खिलार त्यातनंच गेली होती." १८७२ च्या सुरुवातीला इथल्या शेतकऱ्यांनी टेक्सासच्या कळपवाल्यांना पुन्हा न येण्याचे कळवले, आणि ज्या कुरणांत गुरे चरत तिथे गहू आला. १८७४ मध्ये रशियाच्या साम्राज्यातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी 'टर्की रेड' हा हिवाळी गहू आणला, तेव्हापासून कॅन्झसची ओळख गव्हाशी जोडली गेली. आम्ही गेलो तेव्हा तो नुकताच उगवला होता, वीतभरही नाही, पण मैलोगणती हिरवा. अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचे बालपणीचे घर आणि समाधी याच गावात आहेत, तेही आम्ही पाहिले.

तिथून पश्चिमेकडे जाताना रस्ते काटकोनात येतात. मोजणी करताना एक मैल लांब, एक मैल रुंद अशा ६४० एकरांच्या चौकटी आखल्या गेल्या आणि बहुतेक रस्ते त्या चौकटींच्या कडेने काढले गेले. दर दहा-पंधरा मैलांवर धान्याची पांढरी, काँक्रीटची कोठारे क्षितिजावर आधी दिसतात आणि गाव नंतर. बाबांना ती फार आवडली. मंगळवेढ्याच्या माणसाला कोठार म्हटले की दामाजीपंत आठवणारच. दुष्काळात राजाचे कोठार लोकांसाठी उघडणाऱ्या त्या संतांची गोष्ट त्यांनी मला लहानपणी सांगितली तशीच, तितकीच मन लावून, गाडीत पुन्हा सांगितली.

आणि मग हेज गावाच्या अलीकडे त्यांनी एकदम, "थांब, थांब," असे ओरडून गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या डावीकडे ज्वारी उभी होती. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्झसमध्ये पिकते, हे मला ठाऊक होते. पण पाठ केलेली माहिती आणि बाबांचा चेहरा यांत फरक होता. इथले लोक तिला मायलो म्हणतात. ती कमरेएवढी बुटकी, कंबाईन यंत्राने कापता यावी म्हणून मुद्दाम तशी तयार केलेली, आणि कणीस गच्च, विटकरी लाल. बाबा चरीच्या कडेला उकिडवे बसले. कुंपणाबाहेर कललेले एक कणीस त्यांनी हातात धरले, तोडले नाही, फक्त चार दाणे खुडून तळहातावर चोळले, फुंकर मारून भुसा उडवला आणि एक दाणा दाताखाली फोडला. "वाळलीय. आठवड्यात काढतील," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आणि कडबा?" कडबा नाही, खोडे रानातच राहतात, आणि दाणा जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलला किंवा जहाजाने परदेशी जातो, असे मी सांगितले. माणसे हा दाणा फारशी खात नाहीत, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला.

त्या दिवशी दुपारी आम्ही निकोडेमसला पोचलो. या प्रवासातले एकच गाव निवडायला सांगितले तर मी हे निवडेन. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी १८७७ मध्ये, प्रामुख्याने केंटकीहून येऊन, हे गाव वसवले. जाहिरातींत त्यांना सुपीक भूमीचे वचन मिळाले होते. एलिसपर्यंत रेल्वेने येऊन पुढची जवळपास ५५ किलोमीटरची वाट त्यांनी उघड्या माळावरून तुडवली. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन या स्त्रीने नंतर सांगून ठेवले आहे, की गाव आले असे पुरुष म्हणाले तेव्हा तिला घर एकही दिसेना, नुसता जमिनीतून निघणारा धूर दिसला. माणसे जमिनीत खणलेल्या खोल्यांत राहत होती. तिला रडू कोसळले.

मी हे भाषांतर करून सांगत होते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पेव." आमच्याकडे ज्वारी साठवायला जमिनीत पेव खणतात. लहानपणी आजोबा पेव उघडल्यावर आधी कंदील सोडून आत हवा आहे का, हे पाहत आणि मगच गडी उतरवत. धान्य ठेवायच्या तसल्या खड्ड्यांत लेकुरवाळी माणसे पहिला हिवाळा कशी राहिली असतील, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक नीट कळले. शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्या हिवाळ्यात त्यांना मांस दिले, असे इथे सांगतात. पुढे शाळा, चर्च, दुकाने, वृत्तपत्रे, सारे उभे राहिले. पण १८८८ मध्ये रेल्वेमार्ग गावाला टाळून दक्षिणेकडून गेला आणि व्यापार त्याच्यामागे निघून गेला. आज मोजकी घरे, पाच जुन्या वास्तू आणि दर जुलैअखेर देशभरातून परतणारे वंशज, एवढे गाव आहे. चुनखडीच्या ग्रामसभागृहासमोर उभे राहिले की चारी बाजूंना शेते दिसतात. त्यांत ज्वारीही होती. ती मुळात आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि पुढे अटलांटिक ओलांडून इकडेही पोचली.

ला क्रॉसला कुंपणाचे दगडी खांब पाहिले. झाडेच नसल्याने वसाहतकारांनी जमिनीखालचा आठ-नऊ इंच जाडीचा चुनखडीचा एकच थर शोधून काढला, ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी ठोकल्या आणि पुरुषभर लांबीचे खांब सोडवले. नुकताच काढलेला हा दगड मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो. एका खांबाच्या कडेवर भोकांच्या अर्ध्या खाचा वीत-वीत अंतरावर स्पष्ट दिसत होत्या. बाबांनी त्यांत बोट फिरवले. आमच्या घराच्या जोत्याच्या दगडांवर अगदी अशाच खाचा आहेत.

डॉज सिटीत संध्याकाळ झाली. १८७२ मध्ये वसलेले हे गाव आधी बायसन या अमेरिकी रानगव्यांच्या कातड्यांवर, मग टेक्सासच्या कळपांवर आणि आता मांसप्रक्रियेच्या कारखान्यांवर जगते. जुन्या रस्त्याची प्रतिकृती पाहून आम्ही नदीकडे गेलो. आर्कॅन्झस नदीच्या पात्रात पाणी नव्हते, वाळूत गाड्यांचे माग होते. वरच्या बाजूला कोलोरॅडोत पाणी अडवले-वळवले जाते आणि इकडे विहिरी ओगालाला भूजलसाठ्यातून इतका उपसा करतात की नदीखालचा ओलावाही उतरला आहे. विमानातून दिसणारी ती हिरवी वर्तुळे, म्हणजे मध्याभोवती फिरणाऱ्या नळीने भिजणारी मक्याची शेते, याच पाण्यावर उभी आहेत. विहिरी आटू लागल्या तसे काही शेतकरी मका सोडून मायलोकडे वळत आहेत. हे ऐकून बाबा म्हणाले, "माण नदीचं पात्र असंच असतं उन्हाळ्यात. पाणी सरलं की माणूस ज्वारीकडेच येतो."

परतीच्या वाटेवर एका शेतात काढणी चालू होती. मी कुंपणापाशी थांबून परवानगी विचारली. यंत्रावरच्या वयस्कर शेतकऱ्याने बाबांना शेजारी बसवून दोन फेऱ्या मारल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाबा कणसाकडे, मग आकाशाकडे, मग जमिनीकडे बोट दाखवत आणि तो मान डोलावे. तुम्ही याचे काय करता, असे त्याने मला विचारले. भाकरी कशी करतात, ते मी हातांनी थापून दाखवले. जन्मभर मायलो पिकवली पण कधी खाल्ली नाही, असे म्हणून त्याने आम्हाला पिशवीभर दाणे दिले.

घरी आल्यावर दाणे निवडले, धुतले, वाळवले आणि मिक्सरवर दोनदा दळून चाळले. पीठ गुलाबीसर आले. चिकटपणा कमी, म्हणून कढत पाणी घालून उकड काढली, तरी पहिल्या दोन भाकरी कडेला चिरल्या. तिसरी फुगली. बाबांनी ती ठेच्याबरोबर खाल्ली, वास घेऊन पाहिला आणि म्हणाले, "मालदांडीची गोडी नाही." मग त्यांनी चौथी मागितली.