ठिपका वर, ठिपका खाली

"मॅडम, हा बोर्ड मूडवर चालतो," टेस्टिंगच्या पोराने सकाळीच येऊन सांगितलं. पुण्यातली आमची कंपनी छोटी, फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर, माझ्याकडे. 'मूड' हा शब्द निघाला की सगळे माझ्याच टेबलाकडे बघतात.

टाइप-सी पोर्टला एसएसडी लावून चार जीबीची फाइल कॉपी केली की कधी दहा-अकरा सेकंद लागायचे, कधी पावणेदोन मिनिटं. म्हणजे सेकंदाला 5 गिगाबिटची जोडणी मधूनच जुन्या यूएसबी 2.0 च्या 480 मेगाबिटवर घसरत होती. पोराने पाच केबल बदलून झाल्या होत्या. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ड्रायव्हरचे टायमिंग उकरत बसले. अर्धा दिवस पाण्यात.

दुपारी त्याच्या शेजारी बसून नुसतं पाहिलं. तो प्लग काढायचा, टेबलावर ठेवायचा, हाताला येईल तसा पुन्हा खुपसायचा. मी व्हाइटनर मागवला आणि प्लगच्या एका अंगाला ठिपका दिला. ठिपका वर, दहा सेकंद. ठिपका खाली, पावणेदोन मिनिटं. वीसदा केलं, एकदाही फरक नाही. मूड कसला!

टाइप-सीचा प्लग कसाही बसतो, पण पोर्टला कळावंच लागतं तो कसा बसलाय ते. पोर्टात सीसी-1 आणि सीसी-2 अशा दोन पिना असतात. केबलमधून सीसीची तार मात्र एकच येते. समोरचं उपकरण ती तार 5.1 किलोओहममधून ग्राउंडला जोडतं. आपला पोर्ट दोन्ही पिनांत थोडा थोडा करंट सोडतो आणि व्होल्टेज कुठे खाली आलं ते बघतो. ज्या पिनेवर आलं, ती बाजू. यूएसबी 2.0 च्या डेटा पिना पोर्टात दोन्ही बाजूंना आहेत आणि आपसात जोडलेल्या, म्हणून तो रस्ता कसाही चालू राहतो. (आमचा दोष इतके दिवस लपला तो यामुळेच. अजिबात चाललं नसतं, तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.) 5 गिगाबिटच्या पिनांच्या जोड्या मात्र दोन्ही बाजूंना वेगळ्या, योग्य जोडी निवडायला मक्स नावाची चिप लागते.

माझ्या फर्मवेअरची नोंद, म्हणजे लॉग, उलट्या प्लगला 'सीसी-2' म्हणत होता. मीटर लावला, सीसी-2 वर 0.92 व्होल्ट. एसएसडी लावल्यावर हवे तेवढेच. मग मक्सच खराब, असं मी जाहीर करणार, तेवढ्यात हार्डवेअरवाला म्हणाला, "अगं, मधली पिन मोजलीस का?"

मधली म्हणजे कंट्रोलरकडून, सीसी वाचणाऱ्या चिपकडून, मक्सला बाजू सांगणारी. सरळ प्लग, शून्य. उलटा प्लग, तरी शून्य. ती पिन ओपन-ड्रेन होती. म्हणजे लाइनचं व्होल्टेज ती फक्त खाली खेचू शकते. वर न्यायला पुल-अप रेझिस्टर लागतो. ड्रॉइंगमध्ये 10 किलोओहमचा होता. पार्ट्सच्या यादीत त्याच्यापुढे 'लावू नये'. ती यादी आधीच्या, मक्स नसलेल्या बोर्डावरून उचललेली.

यादी कोणाची, हे मी विचारलं नाही. हार्डवेअरवाला स्वतःच उठून सोल्डरिंग आयर्न तापवायला गेला.

रेझिस्टर एक मिलिमीटर लांब, निम्मा रुंद. पहिला चिमट्यातून उडाला तो सापडलाच नाही. दुसरा बसला. ठिपका वर, दहा सेकंद. ठिपका खाली, दहा सेकंद.

"उरलेले चोवीस बोर्ड?" पोराने विचारलं. आम्ही तिघांनी चिमटे वाटून घेतले.