चौथे संत्रे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले आणि मन भरून आले. मी सध्या नाशिकमध्येच स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. स्वतःचा परिचय, अभ्यासातील आवड आणि पुढील ध्येय यांविषयी लिहावे, असे पत्रात सुचवले होते. परंतु यांपैकी काहीही लिहायला घेतले, तरी विज्ञानाच्या बाईंना सोडून मला पुढे जाता येत नाही.

आठवीत असताना, जानेवारी महिन्यात, रब्बीचे आवर्तन सुटले असताना, म्हणजे पिकांसाठी कालव्यात पाणी सोडलेले असताना, बाई आमच्या तुकडीला मखमलाबादच्या बाजूला गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यावर घेऊन गेल्या होत्या. वर्तमानपत्रात रोज छापून येणारा 'क्युसेक' म्हणजे काय, हे वर्गात सांगून झाले होते : एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, अर्थात दोन बादल्या पाणी. पण ते मोजतात कसे, हे काठावर उभे राहूनच कळेल, असा बाईंचा आग्रह होता. मैदानावरची फक्की त्यांनी पिशवीतून आणली होती. काठावर २० मीटर अंतराने दोन रेघा ओढल्या, खुणा केलेल्या बांबूने खोली आणि टेपने रुंदी मोजली, आणि मग एकामागून एक पाच संत्री प्रवाहात सोडली. बाईंचे सेकंदकाट्याचे घड्याळ माझ्या हातात होते आणि वहीही माझ्याकडेच होती.

पहिली तीन संत्री २५, २६ आणि २५ सेकंदांत खालच्या रेघेपाशी पोहोचली. चौथ्याला ४१ सेकंद लागले. पाचव्याला पुन्हा २६. घड्याळ बघण्यात माझीच चूक झाली असणार, अशी मला धास्ती वाटली आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून मी ४१ खोडून त्यावर २६ लिहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही उजेडाकडे धरली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "इथे आधी काय होतं? चौथं संत्रं कुठून गेलं, ते आठव बघू." मी आठवले आणि सांगितले, की ते मध्यावरून भरकटून काठच्या गवताजवळून गेले होते. बाईंनी लगेच खडू उचलला. काठाचा आणि तळाचा अडथळा असल्यामुळे तिथले पाणी हळू वाहते, म्हणून वरच्या पाण्याचा वेग संपूर्ण कालव्याचा वेग धरता येत नाही, तो साधारण ०.८५ ने गुणावा लागतो, हे त्यांनी त्या ४१ सेकंदांच्या आधाराने फळ्यावर समजावले. मी खोडलेला आकडाच त्या दिवशीचा धडा झाला. त्यानंतर आजवर मी एकही निरीक्षण खोडलेले नाही.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी द्रव यांत्रिकीच्या पुस्तकात वाहत्या पाण्याच्या वेगाची आकृती समोर आली, तेव्हा वर्गात मला एकट्यालाच ती ओळखीची वाटली असावी. मॅनिंगच्या सूत्रात पात्राच्या खडबडीतपणासाठी एक गुणांक असतो. तो शिकताना माझ्या डोळ्यांसमोर मखमलाबादचे ते गवत होते. गेल्या सत्रात प्रयोगशाळेत व्ही-खाचेवरून, म्हणजे आडव्या पत्र्यातील इंग्रजी 'V' आकाराच्या खाचेवरून, जाणारे पाणी मोजताना आमच्या गटाचे एक निरीक्षण आलेखात बसेना. मित्रांचे मत ते वगळावे असे होते. मी अडून बसलो आणि शोध घेतल्यावर लक्षात आले, की खाचेच्या टोकाची शून्य नोंदच, म्हणजे पाण्याची उंची जिथून मोजायची ती पातळीच, आम्ही नीट घेतली नव्हती. पूर्ण प्रयोग पुन्हा करावा लागला, पण तो बरोबर झाला.

जलविज्ञान हीच माझी आवड आहे, हे आता पक्के झाले आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडालेली आपण सर्वांनी पाहिली. तेव्हा मी नववीत होतो. धरणातून किती पाणी सोडायचे, हे दरवाजांवर ठरवता येते. परंतु धरणाच्या खाली शहरातूनच गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांच्या पाण्याला असा दरवाजा नाही. त्या पाण्याचा अंदाज काही तास आधी बांधता यावा, या कामात मला आयुष्य घालवायचे आहे. त्यासाठी गेट परीक्षेची तयारी सुरू केली असून रुरकीच्या आयआयटीत जलविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा आहे. त्यानंतर मात्र मला नाशिकलाच परतायचे आहे. दिंडोरी रोडवरची 'मेरी' म्हणजे आम्हा मुलांच्या लेखी केवळ एक बसथांबा होता. ती १९५९ साली स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे आणि तिथे धरणांच्या छोट्या प्रतिकृतींवरून पाणी सोडून पाहतात, हेही बाईंनीच सांगितले होते. तिथे काम करण्याची संधी मिळावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

कालव्यावरची ती भेट आता होत नाही, असे धाकट्या बहिणीकडून कळले. परवानग्या आणि जबाबदारीचे प्रश्न असतात, हे मी समजू शकतो. तिच्या वर्गात आता डिजिटल फळा आहे आणि त्यावर प्रवाहाची सुरेख चित्रफीत दाखवतात. पण त्या चित्रफितीतले संत्रे काठाला जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेने वर्षातून एक दिवस तरी मुलांना काठावर न्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घड्याळ, टेप आणि संत्री घेऊन मी स्वतः येईन.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात वाघाडीच्या पुलावरून मी रोज पाण्याची पातळी नोंदवली. ती वही घेऊन समारंभाच्या दिवशी मला त्यांच्याकडे जायचे आहे. त्यातील एका दिवसाचा आकडा पावसाशी काही केल्या जुळत नाही आणि त्याचे कारण मला अजून सापडलेले नाही.