एका टेबलावर दोन शेगड्या

सोलमधल्या दुसऱ्या रात्री मी जवळजवळ उपाशीच झोपले. मी मासे, कोंबडी, डुक्कर सगळं खाते, फक्त गाईबैलाचं मांस खात नाही. हॉटेलजवळच्या एका साध्या खाणावळीत हे तीनदा सांगितलं, फोनवर भाषांतर करून दाखवलं. त्यांनी तीनही वेळा मान डोलावली आणि शेवटी समोर आलं ते बीफच्या पाण्यातलं सूप. वाटीत मांसाचा तुकडा एकही नव्हता, म्हणजे त्यांच्या लेखी ते मला चालण्यासारखं होतं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हे कळत होतं, पण घशाखाली उतरेना. भात आणि किमची खाऊन उठलो.

दुसऱ्या दिवशी बुजांगनिमांचा फोन आला तेव्हा मी हे बोलून गेले. बुजांग म्हणजे विभागप्रमुख आणि मागे लावायचा 'निम' आपल्या 'साहेब'सारखा. त्यांच्या कंपनीच्या भारतातल्या कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं. आता ते निवृत्त होऊन सोलला राहतात, पण मी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारू शकत नाही. शुक्रवारी रात्री ते आणि त्यांच्या पत्नी मला आणि माझ्या नवऱ्याला जेवायला नेणार होते, आणि जागा ठरली होती गांगनाममधलं हानूचं मोठं रेस्टॉरंट. हानू म्हणजे कोरियाची देशी गाय. माझं ऐकून ते क्षणभर गप्प झाले. मग एवढंच म्हणाले, "शुक्रवारी या. भूक ठेवून या."

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. रस्त्यांच्या कडेची गिंकोची झाडं पिवळीजर्द झालेली. मेट्रोच्या 3 नंबरच्या लाइननं निघालो. ओक्सू स्टेशन सोडलं की गाडी उघड्यावरून हान नदी ओलांडते. तेवढा एक मिनिट डब्यातली अनेक माणसं फोनवरून मान वर करून बाहेर बघतात. नदीपलीकडचं पहिलं स्टेशन आपगुजोंग. गांगनाम या शब्दाचा अर्थच मुळी 'नदीच्या दक्षिणेला'. 1970 च्या दशकापर्यंत इथे शेतं आणि नाशपातीच्या बागा होत्या. आता काचेची दुकानं आहेत, आणि त्यांच्या मधोमध दोसान पार्क. जपानी राजवटीशी लढलेल्या आन छांग-हो यांचं ते स्मारक आहे, 'दोसान' हे त्यांचं टोपणनाव. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला तिथेच पुरलंय. बुजांगनिम आम्हाला पार्काच्या दारात भेटले आणि आधी आत घेऊन गेले. थडग्यासमोर मान झुकवली आणि मगच जेवायला निघाले.

सोलच्या कुठल्याही साध्या मांस भाजण्याच्या दुकानाचा पत्ता वास देतो. गल्लीच्या तोंडाशीच चरबी निखाऱ्यावर पडल्याचा वास येतो, आत छतातून लोंबणारे धुरांड्यांचे पाइप दिसतात. इथे तसलं काही नव्हतं. लाकडी दार, मंद दिवे, लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद खोल्या. आमचे कोट घेऊन कपाटात ठेवले गेले. खोलीत शिरलो तर काळ्या दगडाचं लांब टेबल, आणि त्यात दोन गोल खळगे, दोन्हींवर झाकणं.

बुजांगनिमांनी लांबच्या खळग्याकडे बोट दाखवलं. "ती तुझी शेगडी."

दुसऱ्या शेगडीचं पान माझ्यापुढे मांडलेलं होतं. वेगळी जाळी, वेगळा चिमटा, वेगळी कात्री. त्या चिमट्याच्या आणि कात्रीच्या मुठीला पांढऱ्या कागदाची पट्टी गुंडाळून चिकटवलेली होती, गडबडीत अदलाबदल होऊ नये म्हणून. ती पट्टी बघून मला काय वाटलं ते मी त्यांना नीट सांगू शकले नाही. त्यांनी दोनदा फोन केला होता, आणि त्यांच्या पत्नी आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून आल्या होत्या.

साहेबांच्या पत्नीला सामोनिम म्हणतात. मीही तेच म्हणते. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही आणि माझं कोरियन शंभर शब्दांचं आहे.

मग एकजण लोखंडी घमेल्यातून निखारे घेऊन आला. ओकच्या जातीच्या झाडाचा हा कोळसा, चामसुत म्हणतात. ठिणग्या उडत नाहीत, ज्वाळा नाही, नुसती लाल धग. दोन्ही खळग्यांत निखारे बसले, वर जाळ्या आल्या, आणि मांस भाजून देणाऱ्या बाईंनी टेबलाखालचं बटण दाबलं. यानंतर जे झालं ते मी पुढचा अर्धा तास बघत होते. चरबीचा पहिला थेंब पडला, धूर वर उठला, बोटभर चढला आणि वाकून जाळीच्या कडेच्या फटीतून खाली निघून गेला. ओढ खालून आहे. धुराला असं वळून खाली जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

भाजणाऱ्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. साध्या दुकानांत अशा बाईंना गिऱ्हाइकं 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण, चक्क मावशी. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण आपणही नेमकं हेच करतो. इथे मात्र कोणी इमो म्हणत नव्हतं. टेबलाच्या कडेला घंटीचं बटण होतं आणि बाई 'सोन्निम', म्हणजे पाहुणे, म्हणून आदरानं बोलत होत्या. मला मावशीच बरी वाटते.

बांचान, म्हणजे तोंडीलावणी, येतच राहिली. संपलं की न मागता भरायची, त्याचे पैसे नाहीत. सगळी सांगत बसत नाही, दोनच सांगते. मुळ्याची पांढरी पाण्यातली किमची, तोंगचिमी, इतकी गार आणि आंबटगोड की चरबीच्या प्रत्येक घासानंतर एक चमचा घ्यावासा वाटतो. आणि उल्लुंगदो बेटावरच्या रानलसणीच्या पानांचं लोणचं, म्योंगी. ती पानं सोया सॉसमध्ये मुरवलेली, काळपट, मऊ आणि सुवासिक.

हानू लाकडी ताटातून आलं. सोबत एक कार्ड, त्यावर प्रत '1++' आणि कंसात 9. कोरियात बीफच्या पाच प्रती असतात. 3 सर्वांत खालची, मग 2, 1, 1+ आणि 1++. सर्वांत वरच्या प्रतीतही मांसातल्या चरबीच्या जाळीचा अंक 7, 8 की 9 हे लिहावं लागतं. खाली बारा आकड्यांचा क्रमांक. सामोनिमांनी तो फोनवर टाकून पडदा माझ्याकडे वळवला. जात हानू, गोठा गांगवॉन प्रांतातल्या ह्वेंगसॉंगचा, जन्मतारीख एकतीस महिन्यांपूर्वीची, आणि लसीची नोंदसुद्धा. ताटातल्या प्राण्याची जन्मतारीख वाचणं सोपं नाही. पण मला ते खरेपणाचं वाटलं. खाणाऱ्यानं हे बघावं.

बुजांगनिम मग त्यांच्या गावातल्या बैलाबद्दल बोलायला लागले. कोरियन भाषेत कुटुंबातल्या माणसांना 'शिक्गू' म्हणतात, शब्दशः 'जेवणारी तोंडं'. मी म्हटलं, आमच्याकडेही घरात खाणारी तोंडं किती असंच विचारतात. ते हसले आणि म्हणाले, आणि बैल म्हणजे 'सेंगू', जितं तोंड. तोही मोजणीत. हानू ही मुळात नांगराची जनावरं. जोसन राजांच्या काळात तर शेतीची जनावरं कमी होऊ नयेत म्हणून गुरं मारायला वेळोवेळी बंदी होती. त्यांच्या लहानपणी बीफ म्हणजे सणाला एका मोठ्या पातेल्यातलं सूप, ज्यात तुकडे शोधावे लागत. "म्हणून आम्ही याला एवढं मान देतो," ते म्हणाले. "पुष्कळ होतं म्हणून नाही."

बंदी होती, तरी हौस होतीच. दहाव्या चांद्रमहिन्यात, म्हणजे साधारण आपल्या कार्तिकात, सोलचे लोक शेगडीभोवती जमून मांस भाजून खायचे. या बैठकीला नाल्लोहे म्हणत, आणि 1849 च्या 'तोंगगुक सेशिगी' या सणवारांच्या पुस्तकात तिचं वर्णन आहे. सॉंग ह्योप या चित्रकाराचं याच विषयावरचं एक चित्र राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. झाडाखाली शेगडी, भोवती माणसं, कोणी तोंडात घास घालतोय. आम्ही बसलो होतो तोही तोच महिना.

बाईंनी हानूचे तुकडे जाळीवर टाकले आणि त्यांच्यावरून नजर हलवली नाही. वरच्या बाजूला दव आल्यासारखे थेंब दिसले की एकदाच उलटायचं, पुन्हा नाही. कडा तपकिरी, पोटात गुलाबी, कात्रीनं कापून सरळ पानात. सोबत फक्त मीठ. नवऱ्यानं पहिला तुकडा खाल्ला आणि काही बोललाच नाही. तो खाताना सतत बोलणारा माणूस आहे.

माझ्या शेगडीवर जेजू बेटाचं काळं डुक्कर होतं, हुकत्वेजी. या मूळ जातीला 2015 साली राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला. ती जतन केलेली जनावरं वेगळी, ताटात येतं ते तिच्या संकरातलं. पोटाचा भाग कातडीसकट, ओग्योप्साल, म्हणजे पाच पदरी. दोन बोटं जाड पट्टा, चरबी आणि मांसाचे पदर, वर काळसर ठिपके असलेली कातडी. याला हानूसारखी घाई चालत नाही. बाईंनी तो आधी निवांत भाजला, मग कात्रीनं बोटाएवढे तुकडे केले आणि एकेक तुकडा कुशीवर उभा करून चारही अंगांनी भाजला. मधोमध एक छोटी पितळी वाटी निखाऱ्यांच्या धगीवर उकळत होती. त्यात मेलजॉत, जेजूच्या खारवलेल्या बारीक मासळीचा रस्सा, लसूण आणि मिरची. तुकडा त्यात बुडवून खायचा. सुक्या मासळीवर वाढलेल्या माणसाला तो वास घरचा वाटतो. कातडी दाताखाली चिवट-कुरकुरीत, चरबी गोड, आणि वर खारट, उग्र असा समुद्र. हानू खाता येत नाही याची हळहळ मला तेव्हा वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

आता स्साम. हेच मला खरं सांगायचंय. तळहातावर लेट्यूसचं पान, त्यावर क्केन्निपचं दातेरी, कडक वासाचं पान, चिमूटभर भात, मांस, स्साम्जांग या आंबवलेल्या सोयाबीनच्या तिखट चटणीचा ठिपका, लसणीची चकती, कांद्याच्या पातीची तिखट कोशिंबीर. मग विड्यासारखी घडी घालायची आणि अख्खा तोंडात. तोडून खायचा नाही. मी पहिले दोन मोठे बांधले, सांडलं, खाल्ले. तिसऱ्या वेळी सामोनिमांनी माझ्या शेगडीवरचा तुकडा माझ्याच चिमट्यानं उचलला, छोटा नीटस स्साम बांधला, डावा तळहात खाली धरला आणि माझ्या तोंडापाशी आणून म्हणाल्या, "आ."

मी पंचेचाळीस वर्षांची बाई. आई गेल्यापासून मला कोणी घास भरवला नव्हता. मी 'आ' केलं.

तोंड इतकं भरलेलं होतं की डोळ्यांतल्या पाण्याचा दोष मिरचीवर जाऊ शकला असता, पण त्यांना कळलं. त्यांनी लगेच दुसरा बांधायला घेतला. नंतर मी त्यांना एक भरवला. त्यांच्या शेगडीवरचं मांस मी उचलणार नव्हते, म्हणून माझ्यातलाच. त्यांनी तो दोन्ही हात मांडीवर ठेवून, लहान मुलीसारखा घेतला. मराठीत याला काय म्हणतात असं त्यांनी विचारलं. "घास," मी म्हटलं. 'घ' त्यांच्या जिभेवर चढेना. "कास," त्या म्हणाल्या. "कास, कास."

दीड तास असं खाऊन झाल्यावर बाईंनी विचारलं, शिक्सा काय आणू? शिक्सा म्हणजे जेवण! कोरियन माणसाच्या लेखी मांस झालं, जेवण अजून व्हायचंय. एक तर नेंग्म्यॉन, बर्फाळ पाण्यातल्या कुट्टूच्या शेवया, किंवा त्वेन्जांग च्चिगे, आंबवलेल्या सोयाबीनचं उकळतं कालवण, आणि भात. मी तोंड उघडायच्या आत बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, नेंग्म्यॉनचं पाणी बीफचं आहे, तुमचं च्चिगे आम्ही तिसऱ्यांचे शिंपले घालून वेगळं केलंय. दोन रात्रींपूर्वी जे तीनदा सांगूनही झालं नव्हतं ते इथे न विचारता झालं. च्चिगे दगडी भांड्यात रटरटत आलं. ते थोडं खारट होतं, पण मी सगळं संपवलं.

तेवढ्यात घमेलंवाला पुन्हा आला. आधी हानूची शेगडी रिकामी केली, मग माझी. दोन्हींतले निखारे एकाच घमेल्यात. अजून लाल होते.

पैशांचं सांगायला हवं. मेन्यूवर हानूच्या 150 ग्रॅमच्या एका वाट्याला 95,000 वॉन होते, काळ्या डुकराला 32,000. 2013 पासूनच्या नियमानं मेन्यूवरचा आकडा कर धरूनच असतो, आणि कोरियात टिप देत नाहीत. बिल किती झालं ते मला माहीत नाही. शिखे, म्हणजे तांदळाचं गोड गार पेय, येत होतं तेव्हा बुजांगनिम हात धुवायला म्हणून उठले आणि पैसे देऊन आले. मी भांडले. ते म्हणाले, मोठा कोण आहे? यावर काही बोलता येत नाही.

आपगुजोंग स्टेशनपर्यंत चौघं चालत गेलो. थंडी वाढली होती. जिन्याशी मी वाकून नमस्कार केला. सामोनिमांनी माझ्या गळ्यातला स्कार्फ घट्ट केला, दोन बोटं जुळवून तोंडापाशी नेली आणि म्हणाल्या, "कास."