संगीत समीक्षेचा पहिला दिवस

एका ऑनलाइन नियतकालिकासाठी विनामानधन संगीत समीक्षा लिहिण्याची जबाबदारी मी स्वीकारली आणि आज पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका घरगुती बैठकीला प्रथमच वही घेऊन बसले. गायिकेने पूरिया राग मांडला. मारवा आणि पूरिया या दोन्ही रागांत स्वर तेच, पंचमही (प) दोन्हींत वर्ज्य. परंतु मारव्यात कोमल रिषभ (रे) आणि धैवताला (ध) जे महत्त्व असते, ते पूरियात गंधार (ग) आणि निषादाकडे (नी) जाते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालात मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषादावर रेंगाळत गायिका गंधारावर येत, तेव्हा हा फरक लख्ख ऐकू येई. ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ अशा ठरीव वाक्यांतून यातले काहीच वाचकापर्यंत पोहोचत नाही, असे माझे ठाम मत आहे. गायक भास्करबुवा बखले यांनी १९११ साली ज्या शहरात भारत गायन समाज ही संगीतसंस्था स्थापन केली आणि जिथे १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाची परंपरा रुजली, तिथल्या जाणत्या वाचकाला कलाकाराने नेमके काय केले, हेच सांगावे लागते. द्रुत (जलद लयीतल्या) बंदिशीत तानांची थोडी घाई झाली, तेही मी आदराने, पण स्पष्टपणे लिहिणार आहे.