त्वचा भेदणाऱ्या अळीसाठी जैवसुरक्षा मंजुरी: माझा अनुभव

शिस्टोसोमा मॅन्सोनी या चपट्या परजीवी कृमीची अळी, म्हणजे सर्केरिया, यजमानाच्या त्वचेत शिरताना जे एन्झाइम सोडते ते गोळा करून त्याची क्रियाशीलता मोजणे हा माझ्या प्रकल्पाचा पहिला टप्पा होता. मार्गदर्शकांची संमती, ज्यांच्या शरीरात या अळ्या वाढतात त्या गोगलगायींची सोय, रसायनांची खरेदी हे सारे विनासायास पार पडले. घोडे अडले ते संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या अर्जापाशी, आणि त्याचा संताप अजूनही पुरता शमलेला नाही.

अर्जात संसर्गाच्या मार्गाचा एक रकाना होता व त्यात श्वासावाटे, तोंडावाटे, सुई टोचून आणि उघड्या जखमेतून एवढेच पर्याय दिले होते. सर्केरियाला यांपैकी कशाचीही गरज नसते. पाण्यात बुडालेल्या धडधाकट त्वचेतून ती काही मिनिटांत आत घुसू लागते. मी चारही पर्याय कोरे सोडून खाली खुलासा जोडला, तर 'रकाना अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज परत आला. दुसऱ्या खेपेस, जखम नसेल तर धोका कसा, अशी विचारणा झाली. मधल्या बैठका गणसंख्येअभावी पुढे ढकलल्या जात राहिल्या आणि फाइल नेमकी कोणाच्या टेबलावर आहे, हे कार्यालयात कोणीही सांगेना. संसर्गित गोगलगायींतून अळ्या बाहेर पडायला काही आठवडे लागतात, आणि बाहेर पडलेली अळी पाण्यात जेमतेम एक-दोन दिवस जगते; त्यामुळे पुढे ढकललेल्या प्रत्येक बैठकीबरोबर गोगलगायींची एक तुकडी वाया जात होती.

शेवटी मी रकान्याशी झगडणे सोडून एक पानी टिपण लिहिले आणि त्यात अळीचा प्रवासच क्रमाने मांडला. त्वचेवरील मेदाम्लांची, विशेषतः लिनोलेइक आम्लाची, चाहूल लागताच अळी चूषकांनी त्वचेला घट्ट धरते. तिच्या शरीरात ग्रंथींच्या पाच जोड्या असतात. मागच्या तीन जोड्यांतून चिकट श्लेष्म स्रवते, तर पुढच्या दोन जोड्यांतून प्रथिने तोडणारी एन्झाइमे. त्यांतील प्रमुख म्हणजे सर्केरियल इलास्टेज हे सेरीन प्रोटिएज. ते पेशींना जोडून ठेवणारी प्रथिने आणि खालच्या थरातील इलास्टिन, लॅमिनिन, कोलॅजेन यांचे तुकडे करते. दुभंगलेले शेपूट बाहेरच गळून पडते आणि उरलेले शरीर आत सरकते. हे वाचल्यावर समितीतील एका सदस्यांनी स्वतः दूरध्वनी करून शंका विचारल्या आणि पुढच्याच बैठकीत मंजुरी मिळाली. त्या एका पानाचा मला आजही अभिमान वाटतो. अशा कामासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने ते टिपण पहिल्याच खेपेस जोडावे, शेऱ्याची वाट पाहू नये.

उपचारांच्या रकान्यात नुसते 'प्राझिक्वांटेल' लिहून भागत नाही. हे औषध प्रौढ कृमींवर प्रभावी असले तरी नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या अवस्थांवर त्याचा परिणाम फारसा होत नाही; म्हणून संपर्कानंतर काही आठवड्यांनी तपासणी व औषध, असे वेळापत्रकच द्यावे. लांब बाह्यांचे हातमोजे आणि हाताशी 70 टक्के अल्कोहोल, हे दोन्ही कार्यपद्धतीत नमूद करावे.

प्रत्यक्ष प्रयोग त्या मानाने सरळ गेला. अंधारात ठेवलेल्या गोगलगायी उजेडात आणल्या की अळ्या पाण्यात उतरतात. लिनोलेइक आम्लाचा लेप दिलेल्या पेट्री डिशमध्ये कोमट पाण्यात त्या सोडल्या की शेपटे गळू लागतात आणि स्राव पाण्यात मिसळतो. त्या पाण्यात रंगजनक सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइमने तोडल्यावर रंग सोडणारा पदार्थ, घातल्यावर आलेला पिवळा रंग मी 405 नॅनोमीटरवर मोजला; पीएमएसएफ हा सेरीन प्रोटिएजना रोखणारा अवरोधक आधी मिसळलेल्या नळीत तो जवळजवळ उमटलाच नाही, तेव्हा केलेल्या प्रतीक्षेचे चीज झाल्यासारखे वाटले.

एक सूचना राहिली. शिस्टोसोमा जपोनिकमवर काम करणाऱ्यांनी माझे टिपण जसेच्या तसे वापरू नये. त्या जातीत त्वचाभेदनाची मुख्य भिस्त इलास्टेजऐवजी कॅथेप्सिन बी या सिस्टीन प्रोटिएजवर असल्याचे दिसते, त्यामुळे टिपणातील एन्झाइम बदलावे आणि रसायनांच्या यादीत पीएमएसएफसोबत ई-64 हा सिस्टीन प्रोटिएजना रोखणारा अवरोधकही मागवावा.