टाळी कुठे वाजवायची?

आमच्याकडे दाद द्यायला मुहूर्त लागत नाही. गवई समेवर आला की तोंडातून 'क्या बात है' निघून जातं, आणि गवयालाही ते हवंच असतं. हीच सवय घेऊन एका रविवारी मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना), 'पॅथेटिक', ऐकायला गेलो.

ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याने एक सूर धरला, सगळ्यांनी आपापली वाद्यं त्याला मिळवली आणि मिनिटभरात काम संपलं. तानपुरे जुळेपर्यंत चहा पिऊन येणारी आमची जात, जरा गडबडलोच.

चार भाग आहेत आणि मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, एवढं पाठ केलं होतं. पहिल्या भागात एका ठिकाणी आवाज इतका खाली नेलाय की स्वरलिपीत 'हळू'चं 'पी' हे अक्षर ओळीनं सहा वेळा लिहिलंय. पाठोपाठ अख्खा वाद्यवृंद अंगावर कोसळतो. पुढच्या रांगेतल्या बाई खुर्चीतून उडाल्या. दुसरा भाग वॉल्ट्झ नाचासारखा, पण तीनाऐवजी पाच मात्रांचा. दोन-तीन, दोन-तीन. माझी बोटं मांडीवर झपताल धरून बसली: धी ना, धी धी ना. तालातली 'खाली', म्हणजे टाळीऐवजी नुसता हात फिरवायची जागा, मात्र शेवटपर्यंत सापडली नाही.

तिसऱ्यानं घात केला. लष्करी चालीचं संगीत चढत चढत जातं, झांजा, नगारे, आणि धाडकन शेवट. हा शेवट नाही तर काय? हात आपोआप वाजले. शेजारचे पारशी आजोबा हळूच गुजरातीत म्हणाले, "हजी बाकी छे, दीकरा."

आणि जे बाकी होतं ते रडणं होतं. चौथ्या भागाच्या सुरुवातीची चाल पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांना एकआड एक सुरांनी वाटून दिली आहे. म्हणजे आपल्याला ऐकू येते ती चाल मंचावरच्या कुणाच्याच कागदावर नाही. ती हवेत जुळते. २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये चायकोव्हस्कीनं स्वतः ही सिंफनी पहिल्यांदा सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. हे माहीत असल्यावर नुसतं संगीत म्हणून ऐकणं जमत नाही, निदान मला तरी.

शेवटी चेलो आणि डबल बास खोल खोल जात विझले. वाद्यवृंदाच्या संचालकाचे हात हवेतच. मी माझे हात मांडीखाली दाबून बसलेलो. कुणी खोकेनासुद्धा.

आजोबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"हवे," ते म्हणाले. म्हणजे, आता.